स्टील गिटार

मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडी सरकवत वाजवायची गिटार. आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ हे नाव जास्त रुळले. ही वादनपद्धती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जन्मली. तिचे श्रेय सहसा जोसेफ केकुकू यांना देतात. पुढे ती विजेवर आली. १९३०च्या दशकारंभी अमेरिकेत रिकनबॅकरने बाजारात आणलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मांडीवरचीच होती.

तार पडद्यावर (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) दाबायची नसते, म्हणून ती उंच बसवतात. दांडी पडद्याच्या बरोबर डोक्यावर हवी. केसभर हलली की सूर उतरतो किंवा चढतो. दांडीमागे डाव्या हाताची मोकळी बोटे तारांना टेकलेली नसतील, तर मागची झणझण ऐकू येते. नवशिक्याची गिटार याच झणझणीवरून ओळखावी.

सूर तुटू न देता मींड घेता येते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते, म्हणून हिंदुस्थानी संगीतात या वाद्याला जागा मिळाली. ब्रिजभूषण काबरा यांनी ते रागसंगीतात रुजवले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांचीच गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांची मोहन वीणा याच घराण्यातली. हिंदी चित्रपटगीतांच्या धुनांसाठी व्हॅन शिप्ले यांचे नाव घ्यावे लागते.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सीमाभागात कान गायकीवर पोसलेला आहे. कुमार गंधर्वांचा जन्म (१९२४) बेळगावजवळच्या सुळेभावीचा. तंतुवाद्यांचे मिरज उत्तरेला, आकाशवाणीचे धारवाड दक्षिणेला. भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि कन्नड दासपदे इथल्या एकाच श्रोत्याला पाठ असतात. शब्दांविना वाजणाऱ्या या वाद्याला त्यामुळे दोन्हींतले काहीही घेता येते, आणि पाटीवरच्या भाषेच्या भांडणात ते सापडत नाही.

तरीही भजनी मंडळात पेटी हटली नाही. पेटीला मींड येत नाही, पण तिचा सूर भाता चालेपर्यंत टिकतो आणि वीस जणांना धरून ठेवतो. गिटारचा सूर छेडल्यावर विरत जातो. भीमसेनी लांब आलाप वाजवायचा तर तार पुन्हा छेडावी लागते किंवा अ‍ॅम्प्लिफायरची मदत घ्यावी लागते. टाळ-मृदंगाच्या गजरात तर त्याशिवाय ती ऐकूच येत नाही. तिचा खरा संसार ऑर्केस्ट्रात आणि गाण्यांच्या धुनांत. तिथेही कीबोर्ड आला, आणि सूर वाकवायचे त्याचे चाक फिरवायला वर्षानुवर्षांचा रियाज लागत नाही.