पिता आणि पुत्र (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

देव एकच आहे, येशू त्याचा पुत्र आहे आणि पुत्रही पूर्णपणे देवच आहे, या तीन विधानांचा मेळ घालणारी ख्रिस्ती धर्मशास्त्रातील संकल्पना. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याच्या सिद्धांतात सर्वांत आधी आणि सर्वांत कडाक्याचा वाद झाला तो याच नात्यावरून. प्रमुख चर्चपरंपरांत येथे ‘पुत्र’ म्हणजे शरीरसंबंधातून झालेले अपत्य नव्हे.

अडचणीचे मूळ बायबलातील योहानाच्या शुभवर्तमानातच (येशूच्या चरित्रग्रंथात) आहे. ‘मी आणि पिता एक आहोत’ (१०:३०) असे म्हणणारा येशू पुढे ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (१४:२८) असेही म्हणतो. यातल्या पहिल्या वाक्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘एक’ नपुंसकलिंगी आहे आणि क्रियापद अनेकवचनी. पिता आणि पुत्र ही एकाच व्यक्तीची दोन रूपे, असे मानणाऱ्यांना उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी नेमके हेच दाखवले: दोघे एक आहेत, पण एकच जण नाहीत. त्यांचे म्हणणे मान्य केले तर क्रुसावर पित्यालाच खिळले म्हणावे लागेल, हा टोलाही त्याने हाणला. मराठी बायबलात ‘आहोत’ टिकले आहे. लिंगाची खूण मात्र मराठी ‘एक’मध्ये दिसत नाही.

चौथ्या शतकात वाद दुसऱ्या टोकाने पेटला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याचा युक्तिवाद कोणालाही पटावा असा होता: बाप मुलाच्या आधीचा असतो, म्हणून पुत्राला आरंभ आहे, तो निर्मितांमध्ये सर्वश्रेष्ठ, पण निर्मितच. ‘पुत्र नव्हता, असे एकदा होते’ हे त्याच्या पक्षाचे घोषवाक्य. त्यात ‘काळ’ हा शब्द मुद्दाम टाळलेला आहे, कारण पुत्र काळाच्याही आधीचा हे आरियसला मान्यच होते. पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या आथानेशियसने उत्तर दिले ते त्याच उपमेतून. मूल झाल्याशिवाय कोणी बाप होत नाही. देव अनादी काळापासून पिता असेल, तर पुत्रही अनादीच असला पाहिजे. सूर्य आहे आणि प्रभा अजून निघायची आहे, असे कधी होत नाही.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकीया (आजचे तुर्कस्तानातील इझनिक) येथे धर्मपरिषद भरवली. पुत्र ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ आणि पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा, असे तिने ठरवले. हा शब्द बायबलात नाही, आणि अनेक बिशपांना तो खटकण्याचे हे एक कारण होते. नंतर काहींनी ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सारख्या तत्त्वाचा, असा पर्याय पुढे केला. ग्रीक लिपीत फरक एका ‘आयोटा’ अक्षराचा. त्या अक्षरावरून झालेल्या भांडणाची पुढे बरीच थट्टा झाली. पण ‘तोच’ आणि ‘तसाच’ यांत किती अंतर आहे, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. निकीयाच्या बाजूने लढणाऱ्या आथानेशियसला बिशप म्हणून पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली.

वाद बिशपांपुरता नव्हता. ३८०च्या दशकातील कॉन्स्टँटिनोपलचे (आजचे इस्तंबूल) वर्णन करताना निसाचा बिशप ग्रेगरी वैतागून सांगतो: मोड मागायला जावे तर समोरचा जन्मलेला आणि अजन्मा यांवर तत्त्वज्ञान ऐकवतो, पावाचा भाव विचारावा तर ‘पिता थोर, पुत्र कनिष्ठ’ असे उत्तर मिळते, स्नानाची तयारी झाली का म्हणावे तर ‘पुत्र शून्यातून झाला’ हे ऐकावे लागते. ३८१ मध्ये त्याच शहरातल्या परिषदेने निकीयाची भूमिका पक्की केली.

सर्वांत नेटका खुलासा त्याच काळातील दुसरा धर्मशास्त्रज्ञ, नाझियांझसचा ग्रेगरी, याचा म्हणता येईल. त्याच्या मते ‘पिता’ हे तत्त्वाचे नाव नाही आणि कृतीचेही नाही. ते नात्याचे नाव आहे. पिता कोणापासूनही नाही आणि पुत्र पित्यापासून आहे, एवढाच दोघांतला भेद; सामर्थ्य, वैभव, देवत्व यांत काहीच उणेअधिक नाही. ‘पिता थोर’ हे वाक्य म्हणूनच काहींनी उगमाला लावले, तर काहींनी येशूच्या मानवी स्वभावाला.

गेथशेमाने बागेतली प्रार्थना मात्र एवढ्याने सुटत नाही. मरणाच्या आदल्या रात्री येशू ‘अब्बा’ अशी अरामी हाक मारून हा प्याला (म्हणजे समोर आलेले दुःख) दूर करण्याची विनवणी करतो आणि मग आपली इच्छा पित्याच्या हवाली करतो (मार्क १४:३६). पिता आणि पुत्र यांची इच्छा एकच असेल, तर हवाली करायचे काय? ६८०–६८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने उत्तर दिले की ख्रिस्तात दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा आहेत, आणि बागेत नमते ती मानवी इच्छा.