इस्तंबूलमधली रविवारची न्याहारी : शनिवारी संध्याकाळपर्यंत वाचावे

रविवारी आपला सहलीचा गट जिहांगीर भागातल्या एका रेस्टॉरंटमध्ये न्याहारीला जातो. मेन्यूवर तिचे नाव ‘सेर्पमे काह्वाल्ती’. टेबल भरून वाट्या येतात: खारवलेले पांढरे चीज, काशार चीज, काळे-हिरवे ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मुरांबे, ताहिन (तिळाचे वाटण) आणि द्राक्षांचा घट्ट पाक, मध आणि ‘कायमाक’ म्हणजे जाड साय. सोबत पावाची टोपली, शेवटी गरम अंडी. खरे तर हे जेवणच.

सगळ्यात जास्त खोळंबा एकाच वाक्याने होतो: “आम्ही सहा जण आहोत, तीन आणा, वाटून खाऊ.” वाट्या मधोमध ठेवतात, म्हणून तसे वाटते खरे, पण पैसे माणशी लागतात. चीज, ऑलिव्ह, पाव बऱ्याच ठिकाणी पुन्हा मिळतात. आपल्याकडे अनलिमिटेड थाळी दोघांत एक देत नाहीत, तसेच हे. वेटरशी वाद घालण्यात अर्धा तास जातो आणि दुपारची बॉस्फरसची बोट चुकते.

म्हणून आम्ही शनिवारी संध्याकाळीच नावे घेतो. नंतर आकडा वाढवता येतो, कमी होत नाही. काहींना हे जाचक वाटते, पण टेबल त्या आकड्यावर राखलेले असते. ऐनवेळी गळालेल्यांचे पैसे शेवटी गटावरच पडतात. ज्यांची भूक कमी, त्यांनी ‘काह्वाल्ती ताबाई’ म्हणजे एकट्याची प्लेट सांगावी, किंवा नुसते मेनेमेन (अंड्यांचा पदार्थ) आणि सिमित (तीळ लावलेला, कड्यासारखा गोल पाव). शनिवार-रविवारी प्लेट सगळीकडे मिळत नाही, तेव्हा आधी सांगा, आम्ही विचारून ठेवतो.

त्या सकाळी हॉटेलचा बुफे टाळा. पैसे भरलेत म्हणून आठ वाजता पोटभर खाऊन आलेली मंडळी दहाला नुसती वाट्यांचे फोटो काढतात. ही न्याहारी आम्ही पॅकेजमध्ये धरत नाही ती याचसाठी: ज्यांना खायची आहे त्यांनीच पैसे द्यावेत. तिथले दर वारंवार बदलतात, म्हणून रक्कम इथे छापलेली नाही.

साडेनऊला पोहोचायचे, अकरानंतर रांग लागते. स्वतंत्र येणाऱ्यांनी मेट्रोने ताकसिमला उतरून उताराने चालत यावे. ट्रामने तोपहानेला उतरलात तर खडी चढण आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

शाकाहाऱ्यांसाठी: ‘सुजुक’ हे लसूण घातलेले, बहुधा गोमांसाचे सॉसेज. ते अंड्यांत घालतात, म्हणून अंडी मागवताना ‘सुजुकसुझ’ म्हणजे सुजुकशिवाय, असे सांगा. ‘पास्तिर्मा’ हेही मांसच. मेनेमेन म्हणजे टोमॅटो, हिरवी मिरची आणि अंडी. कांदा घालावा की नाही यावर तुर्कांचेच एकमत नाही, नको असेल तर ‘सोआनसिझ’ म्हणा. अंडी न खाणाऱ्यांना चीज किंवा बटाट्याचे गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी) चालते. चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (दूध घट्ट करणारे, वासराच्या जठरातून मिळणारे द्रव्य) असू शकते. कडक पथ्य असेल तर आम्हाला आधी कळवा.

चहा दुधाशिवाय येतो. फिका हवा तर ‘आचिक’, कडक हवा तर ‘देमली’. बरेचदा पेला रिकामा दिसला की भरतात. पुरे झाला तर चमचा पेल्यावर आडवा ठेवा. तुर्की कॉफीत मात्र साखर कॉफीच्या पावडरीबरोबरच शिजते, म्हणून ऑर्डर देतानाच सांगावे लागते: बिनसाखरेची ‘सादे’, मध्यम गोड ‘ओर्ता’. तळाचा गाळ पिऊ नये.