कुटुंब नियोजनाचं ‘कुटुंब कल्याण’ का झालं?

संततिनियमनाचं केंद्र मुंबईत १९२१ मध्येच निघालं होतं, सरकारी कार्यक्रम १९५२चा. पण लोकांच्या डोळ्यांत भरला तो साठच्या दशकातला प्रचार. उलटा लाल त्रिकोण, आईबाप आणि दोन मुलांचे हसरे चेहरे, ‘दोन किंवा तीन मुलं पुरेत’. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही दवाखान्याच्या भिंतीवरचा तो त्रिकोण कळायचा. १९६८ पासून ‘निरोध’ हा सरकारी कंडोम किराणा दुकानातही मिळू लागला, तीन नग पंधरा पैशांना. न बोलण्याचा विषय वाणसामानात येऊन बसला, हे या प्रचाराचं खरं यश.

त्यावर पाणी पडलं आणीबाणीत. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी तीन हयात मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं, मोडणाऱ्याला तुरुंगवास. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते अमलात आलं नाही, एवढंच सांगून हा विषय मिटवला जातो. मला ते पटत नाही. कायदा नसतानाही उद्दिष्टं होती, आणि ती गाठायला शिक्षक-तलाठ्यांना ‘केसेस’, म्हणजे नसबंदीसाठी माणसं, आणायला लावलं जात होतं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष. पुढच्या वर्षी आकडा दहा लाखांच्याही खाली आला. ज्या भिंतीवरचा त्रिकोण ओळखीचा झाला होता, त्याच दवाखान्याची लोकांना धास्ती बसली.

१९७७ मध्ये सत्ता बदलली आणि ‘नियोजन’ जाऊन ‘कल्याण’ आलं. लसीकरण, बाळंतपणाची काळजी त्याच पाटीखाली आली, हे चांगलंच झालं. पण ‘नियोजन’ या शब्दाचा मूळ अर्थ होता मुलं कधी आणि किती हे नवराबायकोनं ठरवणं. तो अर्थ आधीच आटला होता. बोलीत ‘कुटुंब नियोजन केलं’ म्हणजे शस्त्रक्रिया केली, एवढाच उरला. पाटी बदलून तो परत आला नाही.

शस्त्रक्रियेचा भार मात्र सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांत स्वतःची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३८ टक्के, नवऱ्याची झालेल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात पुढे दोन अपत्यांची अट ग्रामपंचायतीच्या उमेदवारीला लागली, मग सरकारी नोकरीला ‘लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र’ आलं. आजही प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘टाक्याचं की बिनटाक्याचं?’ हा प्रश्न येतो तो बाईलाच, आणि गावात ‘तिचं ऑपरेशन झालंय’ म्हटलं की कसलं, हे कुणी विचारत नाही.