माथेरानच्या लाल वाटा आणि पेव्हर ब्लॉकचा वाद : पार्श्वभूमी

सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी माथेरानबाबत जो निकाल दिला, त्याची बातमी बहुतेक ठिकाणी हातरिक्षांची बातमी म्हणून आली. माणसाने माणसाला ओढून न्यायची प्रथा सहा महिन्यांत बंद करा, हा आदेश मथळ्यात जाणारच होता. पण त्याच निकालात रस्त्यांबद्दलही काही सांगितलं होतं आणि ते आतल्या पानांत राहून गेलं. दस्तुरी नाक्यापासून, म्हणजे मोटारी जिथे थांबतात तिथून, शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर चालणार नाहीत, असा त्याचा गोषवारा. डोंगरावर राहणाऱ्यांच्या रोजच्या जगण्याशी या भागाचा संबंध पहिल्याइतकाच जवळचा आहे.

जुना इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १८५० साली ठाण्याचे इंग्रज कलेक्टर चौकच्या बाजूने वर चढले आणि रामबागेकडून उतरले, तेव्हापासून माथेरानची नोंद सुरू होते असं सांगतात. ती नोंद साहेबाची झाली. वाटा त्याआधीच्या. ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या पायांनी त्या पडल्या होत्या, आणि साहेब चढला तोही त्यांपैकीच एका वाटेने. पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत पॉइंट ठरले, त्यांना इंग्रजी नावं मिळाली, बंगल्यांचे प्लॉट पडले, शार्लोट तलाव झाला. १९०५ मध्ये नगरपालिका आली आणि १९०७ मध्ये नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी. अंतर्गत रस्ते आखले गेले ते पायी चालणारा, घोडा आणि माणसाने ओढायची गाडी एवढंच डोळ्यांपुढे ठेवून. त्यामुळे ते वळणावळणाचे, झाडांना चुकवत जाणारे आणि बऱ्याच ठिकाणी अरुंद राहिले. मोटार वर येऊ द्यायची नाही हा नियमही त्यात बसला, आणि गाड्या आजही दस्तुरीलाच थांबतात.

पुढचा मोठा टप्पा ४ फेब्रुवारी २००३ चा. मुंबईतल्या एका पर्यावरण संस्थेच्या पाठपुराव्यानंतर केंद्राने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. शिवाय भोवती २०० मीटरचा बफर. संनियंत्रण समिती आली, आणि राज्याने दोन वर्षांत विभागीय आराखडा करावा असं बंधन आलं. अधिसूचनेवर तेव्हा भांडण झालं ते मुख्यतः बांधकामांवरून. कुणाची जमीन पट्ट्यात गेली, कुणाचा गाव सुटला, यावर सभा झाल्या. रस्त्यांचा पृष्ठभाग कसा असावा, हा प्रश्न त्या वेळी फार कुणाला पडला नव्हता. पुढे तोच सगळ्यात चिवट निघाला.

तो का पडला हे मातीवरून कळतं. माथेरानच्या माथ्यावर जांभा आहे. वाटा लाल दिसतात त्या त्यामुळेच. जांभ्याची माती दाबली की उन्हाळ्यात छान टणक होते. मात्र वरून सतत टापा पडत राहिल्या की तिची भुकटी होते, आणि पहिल्या मोठ्या पावसात ती भुकटी वाहून जाते. घोड्यांचे परवाने ४६० च्या आसपास आहेत. सुटीच्या दिवशी त्यातले बरेच घोडे दस्तुरीपासूनच्या त्याच अडीच-तीन किलोमीटरच्या रस्त्यावर असतात. मार्च-एप्रिलमध्ये लाल धूळ आणि वाळलेली लीद एकत्र उडते. जुलैत त्याच रस्त्याचा ओढा होतो. दोन्ही बाजूंच्या जांभळी-अंजनीची मुळं उघडी पडतात, काही ठिकाणी रस्ता मूळ पातळीच्या हातभर खाली गेलेला दिसतो.

यावरचा जुना इलाज साधा होता. रस्त्याच्या कडेला दगडी गटार, उतारावर ठरावीक अंतराने पाणी बाहेर काढणारी आडवी दगडी ओळ आणि पावसाळ्यापूर्वी माती-मुरूम टाकून दाबणं. हे काम दरवर्षी करावं लागतं, त्याचं उद्घाटन होत नाही आणि फोटोही येत नाही. गटारं बुजत गेली. ती कधीपासून बुजली याची तारीख देता येणार नाही, पण वादात दोन्ही बाजूंनी दाखवली जाणारी धुपीची छायाचित्रं नीट पाहिली तर त्यांत बहुधा बुजलेलं गटारच दिसतं.

मग मोठ्या निधीची योजना आली आणि मातीचे भाजलेले ब्लॉक, म्हणजे क्ले पेव्हर, बसवायचं ठरलं. डोंगराच्या कडांना जाळीत दगड भरलेल्या गॅबियन भिंती, पॉइंटना कठडे हेही त्याच कामांत होतं. सिमेंट न वापरता मातीचे ब्लॉक घेतले, म्हणजे पर्यावरणाला धक्का नाही, हा योजनेच्या बाजूचा मुख्य मुद्दा. धूळ बसेल, म्हाताऱ्यांना चालणं सोपं होईल, शाळेत जाणाऱ्या मुलांचे पाय चिखलात रुतणार नाहीत, हेही खरंच होतं. गावातल्या पुष्कळ लोकांना ब्लॉक हवे होते. विरोध फक्त मुंबईच्या निसर्गप्रेमींचा, असं जे चित्र रंगवलं जातं ते अपुरं आहे, आणि गाव एकमुखाने ब्लॉकच्या बाजूने होतं हेही तितकंच अपुरं.

घोडेवाल्यांचा आक्षेप सगळ्यात ठोस होता. नाल ठोकलेला घोडा मातीत पाय रोवतो, ओल्या ब्लॉकवर त्याचा पाय घसरतो. उतरणीवर तर जास्तच. दुसरा आक्षेप पाण्याचा. मातीत थोडं तरी पाणी मुरतं. ब्लॉकवरून ते वेगाने धावतं आणि ब्लॉक संपतो तिथली कड खरवडतं. ब्लॉकखाली काय घातलं आहे यावर बरंच अवलंबून असतं. खाली वाळू-खडी असेल तर सांध्यांतून पाणी उतरेल आणि उद्या ब्लॉक उचलताही येतील. खाली काँक्रीटचा थर असेल तर वरचा ब्लॉक मातीचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही, कारण तो काँक्रीटचाच रस्ता झाला. चर्चा मात्र बराच काळ वरच्या रंगावर आणि ‘लाल माती ही माथेरानची ओळख’ या वाक्यावर अडकून राहिली. खालच्या थराबद्दल बोलणारे थोडे होते. प्रस्तुत लेखकाला तो प्रश्न पहिला वाटतो.

ई-रिक्षा आली आणि हा वाद निराळ्याच वाटेला लागला. ९४ परवानाधारक हातरिक्षा, आणि त्या ओढणाऱ्यांनीच मागितलेली ई-रिक्षा. न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये सात गाड्या तीन महिन्यांसाठी धावल्या. त्या शाळकरी मुलांना आणि वयस्कांना आवडल्या. पण बॅटरीवरची तीनचाकी गाडी सैल मातीच्या चढावर नीट चढत नाही. म्हणजे ई-रिक्षा हवी तर ब्लॉक हवेत, आणि ब्लॉक नकोत म्हणणारा आपोआप हातरिक्षा चालू ठेवू पाहणारा ठरू लागला. ही जोडणी सोयीची होती. धूप थांबवायला ब्लॉक हवेत म्हणणाऱ्यांना तिने मानवी प्रतिष्ठेचा आधार दिला. घोड्यांचा धंदा वाचवू पाहणाऱ्यांना याच जोडणीने पर्यावरणाची भाषा दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ब्लॉकचं काम थांबवलं. पुढे तज्ज्ञांचं मत मागवलं गेलं. एप्रिल २०२४ मध्ये ई-रिक्षांची संख्या तूर्त २० वर बांधली. गाड्या कुणाला द्यायच्या, हातरिक्षावाल्यांना की ठेकेदाराला, हा स्वतंत्र तंटा झाला. ऑगस्ट २०२५ च्या निकालाने गुजरातमधल्या केवडियाच्या (स्टॅच्यू ऑफ युनिटी आहे तिथल्या) धर्तीवर योजना करून ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात असं सुचवलं, आणि निधी नाही ही सबब चालणार नाही असं बजावलं.

मुख्य रस्ता आणि आतल्या वाटा वेगळ्या काढल्या, हा निकालातला शहाणपणाचा भाग. गाडी चालेल तिथे पक्का पृष्ठभाग, घोडा आणि पायी माणूस चालेल तिथे माती. अशी विभागणी आराखड्यातच झाली असती तर पुढचा बराच वेळ वाचला असता.

दरम्यान डोंगरावर येण्याचे बाकीचे मार्गही डळमळीत होते. छोटी गाडी २००५ च्या पुरानंतर दोन वर्षं बंद होती, २०१६ मध्ये डबे घसरल्यावर पुन्हा थांबली, २०१९ च्या पावसाने रूळ वाहून गेले आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत आली. ती बंद असली की सगळा भार दस्तुरीवर. मार्च २०२५ मध्ये नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते म्हणून गावाने बंद पुकारला, त्यामागेही हा एकाच दारावरचा भार होता. रोपवेची चर्चा अधूनमधून निघते आणि बसते.

या सगळ्यात ज्या वाटांवरून माथेरान सुरू झालं त्यांचं नाव क्वचित येतं. धोदाणीहून सनसेट पॉइंटकडे येणारी वाट, चौकच्या बाजूने वन ट्री हिलला चढणारी, भिवपुरीकडून गारबट पॉइंटला येणारी. पायथ्याच्या वाड्यांमधली माणसं या वाटांनी कामाला, बाजाराला वर येतात आणि सुटीच्या दिवशी ट्रेकरही याच वाटांनी येतात. वाटेचं वरचं टोक नगरपरिषदेत, मधला कडा वनखात्यात, खालचं टोक ग्रामपंचायतीत. पावसात पायऱ्या सुटल्या, दरड आली, तर ती वाट कुणाच्याच अंदाजपत्रकात सापडत नाही. ब्लॉकला बंदी असल्यामुळे ती मातीचीच राहणार हे आता नक्की आहे. पावसाळ्यापूर्वी तिच्या पायऱ्या कुणी बसवायच्या आणि पाणी कुणी बाजूला काढायचं, हे त्या निकालातून ठरलेलं नाही.