तोच खड्डा, तिथेच, दरवर्षी

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गेटपासून चाळीसेक पावलांवर, आतला रस्ता मेन रोडला मिळतो त्या वळणावर, एक खड्डा होता. जूनच्या शेवटी पडायचा, गणपतीच्या आधी बुजवायचे आणि पुढच्या पावसात परत तिथेच. आजूबाजूचा रस्ता बऱ्यापैकी धड आहे, मग नेमका तिथेच का पडायचा? कोणालाही विचारा, उत्तर एकच, माल कमी टाकला. पण माल कमी असता तर सगळा रस्ताच उखडला असता ना, एकच कोपरा का उखडेल.

मागच्या मे महिन्यात तिथे काम चालू होतं तेव्हा मी दुपारी जाऊन उभा राहिलो. मुकादम काका होते एक, आयुष्य डांबरात गेलेलं, त्यांना विचारलं तर काही बोललेच नाहीत, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि रस्त्याच्या मधोमध ओतली. "बघा आता कुठं जातंय." पाणी उताराने गटाराच्या दिशेने निघालं, मग चेंबरचं झाकण लागलं, झाकणाची कडा रस्त्याहून बोटभर वर, तिथे अडलं, आणि पसरून बसून राहिलं. बरोब्बर खड्ड्याच्या जागेवर. काका म्हणाले, "साहेब, गाडी रस्ता झिजवते, पण फोडतं पाणी."

त्या दिवसापासून मी रस्त्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय, आणि जितकं वाचतोय तितकं काकांचं ते एक वाक्य खरं ठरतंय.

डांबरी रस्ता म्हणजे खरं तर दगडाचा रस्ता. वजनाने बघितलं तर त्यात ९४-९५ टक्के खडी आणि ग्रिट, डांबर जेमतेम पाच-सहा टक्के, म्हणजे प्रत्येक खडीवर डांबराचा एक पातळ लेप आणि त्या लेपाने खडीला खडी चिकटलेली, एवढंच. आता गोची अशी की डांबर आहे तेलाच्या जातीचं आणि दगडाच्या पृष्ठभागाला ओढ असते पाण्याची, त्यामुळे पाणी तिथे तासन्तास साचून राहिलं की ते हळूहळू लेपाच्या आणि दगडाच्या मध्ये शिरतं आणि डांबर सोलून काढतं. आपला काळा पाषाण, म्हणजे सह्याद्रीचा बेसॉल्ट, या बाबतीत बराच चांगला, ग्रॅनाइटसारख्या दगडावरून डांबर त्याहून लवकर सुटतं. पण ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, एवढ्या माऱ्यापुढे चांगला दगडसुद्धा किती टिकणार.

त्यात वरून चाक येतं. कारच्या टायरमध्ये हवा असते ३०-३५ पीएसआय, भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये १०० च्या वर. भेगेत पाणी भरलंय आणि त्यावरून ते चाक गेलं की पाण्याला पळायला जागा नसते, पाणी दाबलं तरी आकसत नाही, मग ते पिचकारीसारखं आत घुसतं आणि चाक पुढे गेलं की तसंच जोरात बाहेर येतं. बाहेर येताना खालची बारीक माती घेऊन येतं. पावसात कधी रस्त्यावरच्या भेगेकडे नीट बघा, गाडी गेल्यावर तिथून लालसर पिवळं पाणी वर येताना दिसलं तर समजा खालचा मुरूम धुपून वर यायला लागलाय, वरचा थर आता पोकळीवर उभा आहे आणि खड्डा काही दिवसांवर आलाय. मी आमच्या कोपऱ्यावर हे छत्री घेऊन बघितलंय, बस गेली की पाणी यायचं, रिक्षा गेली की यायचं नाही.

म्हणून भर पावसात बुजवलेला खड्डा टिकत नाही याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. डांबरी मिक्स प्लांटवरून निघतं साधारण १५० अंशांना, आणि ९०-१०० च्या खाली उतरायच्या आत रोलर फिरवून दाबून घ्यावं लागतं, एकदा गार पडलं की कितीही रोलर फिरवा, दबत नाही. नीट दाबलं नाही तर आत हवेच्या पोकळ्या राहतात, आणि त्या ८ टक्क्यांच्या वर गेल्या की एकमेकींना जोडल्या जातात, मग वरून सपाट दिसणारा रस्ता आतून स्पंजसारखा पाणी पितो. ओल्या खड्ड्यात टाकलेलं मिक्स दोन्हीकडून मार खातं, तळ ओला म्हणून चिकटत नाही आणि लवकर गार होतं म्हणून दबत नाही. खड्डा चौकोनी कापायचा, कडा उभ्या करायच्या, आतलं सगळं सैल काढून कोरडं करायचं, डांबराचा हात मारायचा आणि मग भरायचा, ही खरी पद्धत, पण त्याला वेळ लागतो आणि मागे हॉर्न वाजत असतात.

आता वजनाकडे येतो, कारण इथला हिशोब ऐकून मी स्वतः चक्रावलो होतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं एक मोठा प्रयोग झाला, मुद्दाम रस्त्यांचे गोल बांधले आणि सैन्यातले ड्रायव्हर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक त्यावर रात्रंदिवस फिरवत राहिले, एक्सलच्या, म्हणजे समोरासमोरची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, ११ लाखांच्या वर चकरा झाल्या. त्यातून निघालं की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळा पट होतं. वजन जितक्या पट, तो आकडा चार वेळा मांडून एकमेकांशी गुणायचा, दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. हा जाडसर नियम आहे, प्रत्येक रस्त्याला तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज घ्यायला आजही जगभर वापरतात.

करून बघा. साध्या कारच्या एका एक्सलवर धरा ६०० किलो. ट्रकच्या चार टायरवाल्या एका एक्सलवर १०.२ टन, म्हणजे सतरा पट. सतरा चार वेळा गुणलं की येतात ८३,५२१. म्हणजे त्या एका एक्सलची एक चक्कर रस्त्याला जेवढं थकवते तेवढं थकवायला कारच्या एक्सलला ऐंशी हजारांवर चकरा माराव्या लागतील. २०१८ मध्ये केंद्राने याच एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, ऐकायला वाढ तेरा टक्क्यांच्या आत, पण या नियमाने नुकसान जवळपास ६० टक्क्यांनी वाढतं. आता उरणच्या बंदरावरून निघालेले कंटेनर आठवा, घोडबंदर रोडवरून गुजरातकडे जाणारी रांग आठवा, आणि मग सांगा तिथला रस्ता आणि आमच्या सेक्टरमधला रस्ता एकाच जाडीचा कसा चालेल.

ठाण्यात गेल्या काही वर्षांत बऱ्याच रस्त्यांवर यूटीडब्ल्यूटी केलंय, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्यावरच सिमेंट काँक्रीटचा पातळ थर. काँक्रीट सुकताना आकसतं आणि आकसताना तडकणारच, ते कोणी थांबवू शकत नाही, म्हणून काही तासांतच कटरने त्यात मीटर-दीड मीटरचे चौकोन पाडतात, की बाबा तडकायचंच असेल तर या रेषेत तडक. कटिंगला उशीर झाला तर काँक्रीट स्वतःची रेषा निवडतं, वेडीवाकडी, आणि ती भेग आयुष्यभर पाणी पिते. त्यामुळे काम चालू असताना रात्री अकरा वाजता कटरचा आवाज आला तर वैतागू नका, तो आवाज चांगल्या कामाचा आहे.

पुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्याकडे तर खाडी आहे. पुलावर चढताना बसतो तो दणका सगळ्यांनी खाल्लाय. कारण असं की पूल उभा असतो पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल गाडलेल्या खांबांवर, ते खाली खडकापर्यंत गेलेले, तो बसत नाही. पण पुलाला जोडणारा भराव बसलेला असतो खाडीच्या गाळावर. हा गाळ म्हणजे पाण्याने भरलेली चिकणमाती, वरून वजन आलं की त्यातलं पाणी बाहेर पडतं आणि जमीन खचते, पण चिकणमातीतून पाणी इतकं सावकाश सरकतं की खचणं वर्षानुवर्षं चालू राहतं. पूल जागेवर, भराव खाली, मधे पायरी.

यावरचा उपाय मला फार आवडतो. पाण्याला बाहेर पडायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अंतर दहावा हिस्सा केलं तर वेळ शंभरावा हिस्सा होतो. म्हणून गाळात मीटर-मीटरभर अंतरावर उभ्या प्लास्टिकच्या पट्ट्या घुसवतात, पाणी आडवं थोडंसं सरकून पट्टीत येतं आणि पट्टीतून वर निघून जातं, वरून मातीचा ढीग टाकून ठेवतात आणि जी जमीन तीस-चाळीस वर्षं खचत बसली असती ती काही महिन्यांत खचून मोकळी होते. रस्ता त्यानंतर बांधायचा. लोकांना वाटतं नुसती माती टाकून काम बंद ठेवलंय, पण तेच काम असतं.

आणि मीठ. ठाणे खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ चा, दुसरा १९९७ मध्ये आला, तिसऱ्याची एक बाजू २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या पुलात वीसेक वर्षांतच आतल्या ताणलेल्या केबल गंजायला लागल्या होत्या, दुसरा पूल लागला त्यामागे हेही एक कारण. काँक्रीट एरवी लोखंडाला सांभाळतं, ते इतकं अल्कलाइन असतं की सळईवर एक अदृश्य संरक्षक थर बसतो. पण खाऱ्या हवेतल्या मिठाचं क्लोराइड बारीक छिद्रांतून आत सरकत सरकत सळईपर्यंत पोचलं की तो थर फाटतो, गंज सुरू होतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो, मग काँक्रीट आतून फुगून फुटतं. सळई आणि बाहेरचा पृष्ठभाग यांच्यातलं दोन-तीन इंचाचं काँक्रीट, ज्याला साइटवर नुसतं कव्हर म्हणतात, तेच खाडीवरच्या पुलाचं आयुष्य ठरवतं. पुलावर धाड-धाड वाजतात ते जॉइंट पण मुद्दाम ठेवलेले असतात बरं का, शंभर मीटर काँक्रीट पंचवीस अंश तापलं की अडीच-तीन सेंटिमीटर वाढतं, त्याला सरकायला फट हवीच. मात्र त्या फटीतला रबर फाटला की खारं पाणी थेट खालच्या बेअरिंगवर, म्हणजे पूल ज्यावर टेकतो त्या आधारावर.

आता सायकलचं सांगतो, कारण मी रोज चालवतो आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. वरचाच हिशोब इथे लावा, मी आणि सायकल मिळून ९० किलो, एका चाकावर ४५. कारच्या एक्सलचा तेरावा हिस्सा म्हणा, चारदा गुणलं की एका कारएवढं रस्त्याचं नुकसान करायला तीस हजार सायकली लागतात. म्हणजे सायकल ट्रॅकला जाडी लागत नाही, खाली दगडाचं खोल सोलिंग लागत नाही, वजनाने तो जवळपास कधीच फुटणार नाही. त्याला लागतो फक्त गुळगुळीतपणा आणि पाण्याचा निचरा. तरीही आपल्याकडे सायकलची पट्टी म्हटलं की पेव्हर ब्लॉक टाकतात. ब्लॉकची लांबी वीस सेंटिमीटर धरा, ताशी पंधरा किलोमीटरने गेलो तर सेकंदाला वीस सांधे चाकाखालून जातात, सेकंदाला वीस ठोके थेट मनगटात. दोन किलोमीटरनंतर बोटं बधिर होतात आणि माणूस पट्टी सोडून गाड्यांमध्ये उतरतो, मग सगळे म्हणतात ट्रॅक बांधला तरी कोणी वापरत नाही. पाम बीच रोडसारखा सपाट, दहाएक किलोमीटरचा खाडीकाठचा रस्ता नवी मुंबईकडे आहे, चढ नाही, सकाळी वारा, सायकलसाठी याहून चांगली जमीन कुठे मिळणार. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने न ठेवता आडव्या ठेवल्या तरी कितीतरी लोक पडायचे वाचतील, रेसिंग सायकलचं टायर २५ मिलिमीटर रुंद असतं, ते उभ्या फटीत अलगद उतरतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे जातो. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईचं कॉलरबोन असंच मोडलं, तीन महिने हात गळ्यात होता.

आमच्या कोपऱ्यावर त्या मे महिन्यात काकांनी चेंबरची चौकट काढून खाली बसवून घेतली, पट्टी लावून रस्त्याच्या बरोबर लेव्हलला, आणि कर्बमध्ये, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडात, हातभर रुंद एक तोंड पाडून घेतलं गटारात जायला. सगळं मिळून दीड दिवसाचं काम. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी गेलो बघायला, पाणी येत होतं आणि त्या तोंडातून खळखळ आत जात होतं, सप्टेंबर संपला तरी तिथे भेग नाही. पण फुटपाथच्या उताराला लागून, तिथून सहा पावलांवर, आता एक नवीन डबकं साचतंय. पाऊस थांबल्यावर पट्टी बुडवून मोजलं, १४ मिलिमीटर, दोन तासांनी परत गेलो तर ११. फोटो काढून ठेवलेत, तारखेसकट, काका परत त्या बाजूला आले की दाखवणार आहे.