सहा महिन्यांच्या कोर्सने नर्स होता येत नाही

‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ ही जाहिरात वर्षानुवर्षं चालत आलीय. ती खरी नाही. एवढ्या कोर्सने मुलगी रुग्णसहायक होते: पेशंटला स्पंज करणं, दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणं, लघवीचं माप लिहून ठेवणं. काम फार मोलाचं आहे, घरगुती रुग्णसेवेतही मागणी आहे. पण इंजेक्शन-सलाईन तिचं काम नव्हे. नर्सला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठी एएनएम (सहायक नर्स-प्रसाविकेचा कोर्स, २ वर्षं), जीएनएम (जनरल नर्सिंग आणि प्रसूतिसेवेचा डिप्लोमा, ३ वर्षं) किंवा बीएस्सी नर्सिंग (४ वर्षं) करावंच लागतं. नोंदणीकृत एएनएमला पुढे जीएनएमला प्रवेश घेता येतो. म्हणून फी भरण्याआधी संस्थेला नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेचं पत्र दाखवायला सांगा.