दहा दिवसांचे पाहुणे: परदेशी मिशनसहली आणि मुलं

१८६८ साली वेल्समधल्या लॅन्डुडनोच्या किनाऱ्यावर जोसाया स्पायर्स नावाच्या इंग्रज तरुणानं वाळूत मोठ्या अक्षरांत 'देव प्रीती आहे' असं लिहिलं आणि आसपास खेळणाऱ्या मुलांना ती अक्षरं गोट्यांनी, शिंपल्यांनी सजवायला बोलावलं. अक्षरं सजली, मग गाणी झाली, बायबलमधली गोष्ट झाली. आदल्याच वर्षी लंडनच्या इझलिंग्टन भागात त्यानं मुलांसाठी वेगळ्या सभा सुरू केल्या होत्या. या कामातूनच पुढं स्क्रिप्चर युनियन ही संस्था उभी राहिली. किनाऱ्यावरची ती मुलं आईवडिलांबरोबर सुट्टीवर आलेली होती. संध्याकाळी वाळू झटकून प्रत्येक जण आपल्या माणसांकडे परत जाई. आज परदेशी चर्चमधली माणसं दहा-दहा दिवसांसाठी येऊन परक्या मुलांत काम करून जातात, त्या मिशनसहलींबद्दल पुढं वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, उन्हाळ्यात भरणारी व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, हीही अशाच मुलांसाठी निघाली. न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला सुट्टीत पोरं रस्त्यावर हुंदडतात हे हॉज नावाच्या बाईंनी पाहिलं, आणि १८९८ मध्ये त्यांनी चक्क बिअरचा गुत्ता भाड्यानं घेऊन तिथं शाळा भरवली. गाणी, गोष्ट, हस्तकला, खेळ हा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. ती मुलं गरिबाघरची होती, पण घर होतं. दिवस संपला की जिना चढून आईपाशी जायचं होतं.

परदेशी मिशनचं काम तेव्हा अगदी वेगळ्या चालीनं चाले. अमेरिकेहून मुंबईला यायला महिनेच्या महिने जहाजात जात, त्यामुळे येणारा माणूस आयुष्य घेऊनच येई. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८२७ मध्ये आलेल्या मिस सिंथिया फरार मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींना शिकवत राहिल्या. १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा अंत झाला. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं. फरारबाईंच्या कामाबद्दल कुणाचं काही मत असो, शिकवलेल्या मुलींची लग्नं, बाळंतपणं, दुष्काळ हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. याच मिशननं १८७३ मध्ये मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक सुरू केलं. मराठी मुलांशी बोलायचं तर मराठी यायला हवं, हे तेव्हा कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

विमानानं हा हिशेबच बदलला. १९५७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजातला अमेरिकन मुलगा दोन मित्रांबरोबर ट्रकमध्ये पुस्तकं भरून मेक्सिकोला गेला. त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन ही मिशनसंस्था निघाली. १९६० मध्ये लोरेन कनिंगहॅम यांनी यूथ विथ अ मिशन ही तरुणांची मिशनसंस्था सुरू केली. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी परदेशात स्वयंसेवक पाठवणारं सरकारी पीस कोअर स्थापन केलं, तेव्हा परदेशात जाऊन सेवा करणं ही तरुणांची सर्वसाधारण इच्छा होऊन बसली होती. जेट विमानं आली, तिकिटं स्वस्त झाली, आणि दोन वर्षांची सेवा दोन महिन्यांवर, मग दहा दिवसांवर आली. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार या शतकाच्या सुरुवातीला एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख लोक अशा सहलींना जात होते.

दहा दिवसांत मेक्सिकोत, होंडुरासमध्ये, हैतीत करायचं काय? मोठ्यांशी बोलायचं तर भाषा लागते. मुलांना फुगा पुरतो. म्हणून लॅन्डुडनो आणि न्यूयॉर्कचा साचा तयार मालासारखा उचलला गेला. हातवारे करून म्हणायची गाणी, रंगीत कागद, कात्र्या, मण्यांची कंकणं, सगळं एका बॅगेत मावणारं. त्या मण्यांमागेही इतिहास आहे. चार्ल्स स्पर्जन या इंग्रज धर्मोपदेशकांनी १८६६ मध्ये लंडनच्या एका प्रवचनात काळं, लाल आणि पांढरं अशी तीन पानं असलेल्या, अक्षर नसलेल्या पुस्तकाबद्दल सांगितलं होतं. काळं म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरं म्हणजे शुद्धता. पुढं अमेरिकन प्रचारक ड्वाइट मूडी यांनी सोनेरी पान जोडलं, नंतर हिरवंही आलं. कंकणातल्या मण्यांचे रंग याच पानांचे. न वाचता येणाऱ्याला सुवार्ता सांगायची ही मोठी हुशारीची युक्ती होती. पण सावळ्या मुलाच्या मनगटावर काळा मणी बांधून 'हे पाप' असं सांगताना माझी जीभ अडखळली आहे, कारण ते वाक्य मराठीत मलाच सांगायचं होतं.

नगर जिल्ह्यातल्या एका बोर्डिंगमध्ये मी दोनदा अशा पाहुण्यांसाठी दुभाष्याचं काम केलं. जानेवारी होता, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. पाहुण्यांच्या कागदावर त्या जागेचं नाव अनाथाश्रम असं छापलेलं होतं. त्यातल्या एका ताईंनी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणून मला म्हणाल्या, याला विचारा, याचे आईवडील कधी गेले? मी विचारलं. पोरगा सहज म्हणाला, "दिवाळीनंतर गेली. कारखान्यावर हायेत. पाडव्याला येतील." त्या ताई चांगल्या मनाच्या होत्या, हे मी मनापासून सांगतो. मी खुलासा केला तेव्हा त्या ओशाळल्या. पण कागदावरचा शब्द कुणी बदलला नाही.

तो एक शब्द किती महाग पडतो, हे हैतीत दिसलं. १२ जानेवारी २०१० ला तिथं भूकंप झाला. महिना संपायच्या आत अमेरिकेतल्या १० बाप्टिस्ट स्वयंसेवकांना ३३ मुलं सीमेपलीकडे डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना अटक झाली. त्यांच्या मते ती अनाथ मुलं होती. चौकशीत बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले. पोराला शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल, या आशेनं त्यांनीच मुलं हवाली केली होती. कंबोडियात तर कुणी पकडलं जायचा प्रश्नच नव्हता. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, आणि आतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. अनाथ वाढले नव्हते, त्यांना भेटायला येणारे आणि देणगी देणारे वाढले होते. चर्चचे गट आणि साधे पर्यटक दोन्ही त्यात होते.

पैशांचं कोडंही पुढं आलं. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये कोसळलेली घरं बांधायला गटच्या गट गेले. कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास केला. विमानभाडं धरून पाहुण्यांनी बांधलेलं एक घर सुमारे ३०,००० डॉलरला पडलं. स्थानिक लोकांनी तेच घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधलं.

मुलाच्या मनाचं काय होतं, हे खरं तर फार आधी लिहिलं गेलं होतं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात लहान मुलाला एका स्थिर माणसाची माया लागते, असं ठामपणे मांडलं होतं. संस्थेतलं मूल अनोळखी माणसाच्या गळ्यात धावत जाऊन पडतं, त्याला पाहुणे प्रेम समजतात. दर महिन्याला नवा गळा मिळतो आणि दहाव्या दिवशी सुटतो. मुलांपर्यंत कुणालाही सहज पोचू दिलं की काय होतं, याचा फार वाईट अनुभव गोव्यानं घेतला आहे. मडगावात मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये शिक्षा झाली. परदेशी पाहुण्यांचा त्यात हात होता. तो मिशनचा माणूस नव्हता, पण मुलांच्या घराचं दार किती सैल असतं ते त्यानं दाखवलं. गोव्याचा बाल कायदा २००३ मध्ये आला.

मिशनच्या वर्तुळातही आत्मपरीक्षण झालं. अमेरिकेत २००३ मध्ये अल्पकालीन सहलींसाठी आचारमानकं तयार झाली. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथाश्रमांसाठी मुलांची तस्करी होते हे मान्य केलं, आणि २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेचा धोका नोंदवला. आता काही मंडळ्या मुलांऐवजी स्थानिक शिक्षकांसाठी येतात, काही त्या पैशातून मूल घरीच राहावं म्हणून कुटुंबाला आधार देतात. मला विचाराल तर व्हीबीएसमध्ये काही खोट नाही. ती घर असलेल्या मुलासाठी बनली आहे, आणि तिथल्या मंडळीनं बोलावलं म्हणून कुणी मदतीला आलं तर ती आजही छान भरते.

त्या बोर्डिंगमध्ये पाहुणे गेल्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा गेलो होतो. शब्बाथशाळा, म्हणजे रविवारची बायबल शाळा, घेणाऱ्या बाई चटईखाली घरंगळलेले मणी वेचून डब्यात भरत होत्या. बारा वर्षं त्या तिथं शिकवत होत्या, आणि कुठल्या पोराची आई कोणत्या कारखान्यावर आहे, ते त्यांना तोंडपाठ होतं.